शांतम्माचं मांजर

अठ्ठेचाळीस सालच्या धामधुमीत उमरग्याजवळचं घर जळालं, नवराही त्यातच गेला, तेव्हा शांतम्मा बेंबळीला धाकट्या भावाच्या घरी कायमची राहायला आली. बरोबर फक्त मांजर होतं, तेही तोंड बांधलेल्या पोत्यात. मांजराला वाट दिसली तर ते जुन्या घराकडं माघारी पळतं, म्हणून. बेंबळीत तिनं त्याला नव्या चुलीभोवती तीनदा फिरवलं, पायांना तिथलीच राख चोळली. पंधरा दिवसांत ते चुलीपाशी खुशाल पाय ताणून निजू लागलं.

“अक्का, मांजर रमलं बघा,” भाऊ गुंडप्पा म्हणाला. “आता तुम्ही बी जरा रमा.”

शांतम्मा उमरग्याच्या दिशेला तोंड करून दारात बसली होती.

“त्याला वाट दिसू दिली न्हाय, गुंडप्पा,” ती म्हणाली. “मला समदी दिसली.”