दिवसाआडच्या फुल्या

पंपाचा तो रबरी जोड मी काढला. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ही चूक कुणाबरोबर वाटूनही घेता येत नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी पंचवीस वर्षं मेंटेनन्सला आहे. रहाटणीतल्या आमच्या इमारतीत काही बिघडलं की लोक माझ्याकडे येतात. कंपनीच्या बसमधून उतरताना अंग आंबलेलं असतं, तरी लोकांनी असं बोलावणं मला आवडतं. पार्किंगमधला पंप गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो. पंप आणि वर जाणारा पाइप यांच्यामध्ये रबराचा फुगीर जोड होता. पंपाचे हादरे तो स्वतःत जिरवायचा, पाइपात जाऊ द्यायचा नाही. तो गळायला लागला. बिघाड झाला की आधी लाइन चालू करायची, बाकीचं नंतर, ही आमची कंपनीतली सवय. मी त्याच्या जागी लोखंडी तुकडा बसवला. दोन दिवसांसाठी, असं म्हणालो होतो. वर्ष गेलं.

मध्ये पार्किंगची फरशी हादरते अशी ओरड झाली, तेव्हा मी पंपाखाली रबरी पॅड घातले. फरशी शांत झाली. आमचे चेअरमन मूळचे इथल्याच शेतकरी घरातले. ते म्हणाले, "राव, पंप चालू हाय का बंद, कळंना झालंय!" मी खूश झालो. खरं तर पॅडवर पंप जास्तच हलायला लागला होता, आणि ते हलणं लोखंडी जोडातून सरळ पाइपात जात होतं. पहिल्या मजल्यावर तो पाइप तिथे राहणाऱ्या काकूंच्या भिंतीला घट्ट आवळलेला होता. तोही मीच आवळलेला.

काकू निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. कान जवळजवळ गेलेले. सोसायटीच्या सभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पंप लागला की माझी भिंत थरथरते."

मी म्हणालो, "काकू, दारावरची बेल ऐकू येत नाही तुम्हाला, पंप बरा ऐकू येतो!"

सगळे हसले. माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं नसेल, पण हसणं दिसलं. त्या खाली बसल्या. त्यानंतर त्यांनी कधी तक्रार केली नाही.

काही महिन्यांनी त्यांचा सोलापूरचा मुलगा आला. त्याने मला गीझर काढायला बोलावलं. फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. "आईचे हात कापतात आता," तो म्हणाला. "एकटीला कसं ठेवणार?" डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी काकूंना दिवसभर पेंग यायची. ज्या बाई रोज सकाळी वर्तमानपत्राचा कोपरा न् कोपरा वाचून काढायच्या, त्या खुर्चीत मान टाकून बसलेल्या होत्या.

स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लाल पेन्सिलीच्या फुल्या होत्या. मी बघतोय हे पाहून काकू म्हणाल्या, "हात कापला की फुली मारते. डॉक्टरांनी लिहून ठेवायला सांगितलंय. ओट्याला टेकले, पलंगावर हात ठेवला, की जास्तच कापतो बघ."

एक दिवस फुली, एक दिवस नाही. सगळा महिना तसाच. आमच्याकडे महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी पंप तासन् तास चालतो. काकूंचा आजार पाण्याच्या पाळीने येत होता.

त्या दिवशी पाणी होतं. मी ओट्यामागच्या भिंतीला तळहात लावला. मशीनला हात लावून तिची तब्येत ओळखायची, यावर माझं घर चालतं. तळहाताला मुंग्या आल्या. मी हात काढला आणि म्हणालो, "गीझर पुढच्या रविवारी काढू." दुसरं काही बोललो नाही.

रविवारी नवा रबरी जोड बसवला. पाइप भिंतीला आवळणारा क्लॅम्प सैल करून आत रबराची पट्टी घातली. कुणी विचारलं तर "सर्व्हिसिंग" म्हणालो. नंतर गीझर काढायला गेलो, तर कॅलेंडरवर नव्या फुल्या नव्हत्या. मला वाटलं, मिटलं.

मग जिन्यात काकूंचा मुलगा भेटला. "गोळ्या लागू पडल्या बघा," तो म्हणाला. "आता कायमच्याच घ्यायच्या. शनिवारी घेऊन जातो तिला." डबल शिफ्ट करून आल्यासारखा मी थकून पायरीवरच बसलो. त्या गोळ्या खरं तर माझ्या लोखंडी जोडासाठी होत्या. घरही माझ्यामुळेच सुटणार होतं.

शनिवारी मी सुट्टी टाकली. दार उघडंच होतं. मुलगा खोकी बांधत होता. चेअरमन आणि आणखी दोघं कपाट जिन्यातून उतरवायला आले होते. मी काकूंच्या खुर्चीपाशी खाली बसलो आणि हळू आवाजात सुरुवात केली. इतरांना ऐकू जाऊ नये एवढीच काळजी होती, अजूनही.

काकूंनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल रे. काही कळत नाही."

मग मी ओरडून सांगितलं. सभेत बोललो होतो त्याहून मोठ्याने.

"काकू, तुमचे हात कापत नव्हते. भिंत कापत होती. पंप मी बिघडवला. भिंतीला हात लावून कळलं, तरी गप्प बसलो. सभेत तुमच्यावर हसलोही मीच."

कपाट जिन्यात टेकलं. मुलाने हातातली दोरी खाली ठेवली. काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, "पुन्हा सांग. ते शेवटचं वाक्य."

"सभेत तुमच्यावर हसलो तो मीच. माझं चुकलं, काकू. मला माफ करा."