शेवटच्या पानावरची वाडी

काकूंनी माझ्या पुढ्यातली उकडीची परात ओढून घेतली. हळूच. हसत.

"तू राहू दे गं. बाहेर मुलांना इंग्लिश गोष्ट सांग."

मी तेरा वर्षांची होते. आखातातल्या हमद टाउनमधला त्यांचा मोठा व्हिला, गणपतीचा दिवस. बाबांनी सकाळीच त्यांचा एसी दुरुस्त करून दिला होता, म्हणून आम्हाला जेवायला थांबवलं होतं. आमच्या घरी गणपती बसत नाही. पण मराठी बोलायला माणसं मिळतात म्हणून कोणी बोलावलं की बाबा जायचे. मी स्वयंपाकघरात बायकांमध्ये बसून मोदक वळायला शिकत होते. सात झाले होते.

काकूंनी फक्त विचारलं होतं, "गाव कुठलं तुमचं?" मी सांगितलं. "आणि वाडी?"

"बौद्धवाडी."

मला वाटलं, शाबासकी मिळेल. पूर्ण पत्ता पाठ असला की शाळेत टीचर खूश व्हायच्या. माझ्यासाठी तो पत्ताच होता. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर छापलेला.

सगळ्यांचे हात थांबले. मग कोणीतरी घाईघाईने नारळाच्या भावाबद्दल बोलायला लागलं.

दारातून मी पाहिलं. माझे मोदक ओळखू येत होते, वाकड्या टोकांचे. काकूंनी ते ताटातून एकेक उचलले आणि एका डब्यात ठेवले. निघताना तो डबा बाबांच्या हातात दिला. "घरी वाफवून घ्या हं."

गाडीत बाबा म्हणाले, "वाडी सांगायची नसते. रत्नागिरी म्हणायचं. पुरे."

"व्हाय?"

हमद टाउनमधल्या निम्म्या घरांचे एसी बाबांनी उघडलेले. त्या दिवशी ते राउंडअबाउटवर चुकीच्या रस्त्याला वळले.

घरी आईने मोदक वाफवले. "कुणी केले हे? ध्यान दिसतंय एकेक."

"तुझ्या लेकीने," बाबा म्हणाले. आणि सातही त्यांनीच खाल्ले. मान वर न करता.

त्यानंतर मी रत्नागिरी म्हणायला लागले. मग तेही कमी केलं. लोक मला लाजाळू म्हणू लागले. मला ते सोयीचं पडलं. बोलणाऱ्या मुलीला पुढचा प्रश्न विचारतात.

आता मी नोकरी करते. यंदा माझा पासपोर्ट संपत आला. बाबा म्हणाले, "पत्ता विरारच्या मावशीचा टाक." मी नमुन्यासाठी त्यांचा पासपोर्ट काढला. शेवटचं पान उघडलं. विरार. बाबा विरारला आयुष्यात चार रात्री राहिले असतील. गावचं घर त्यांच्या वडिलांनी डोक्यावरून जांभा दगड वाहून बांधलं. ते घर त्यांनी पासपोर्टवरून गुपचूप पुसून टाकलं होतं. आईलाही माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात गावाकडच्या आमच्या मतदारसंघाची जागा रिकामी झाली. शुक्रवारी मी बाबांचा डबा घेऊन तुबलीच्या वर्कशॉपवर गेले, तर तिथे काका बसलेले. मोदकवाल्या काकूंचे यजमान. एसीचं युनिट घेऊन आले होते, हातात फोन.

"पोटनिवडणुकीला कोण जातं हो मतदानाला? ना सरकार पडणार, ना बसणार. तुमची वाडी जाईल म्हणा. एकगठ्ठा! एकाने सांगायचं, बाकीच्यांनी बटण दाबायचं. काय हो?"

बाबा हसले. "हो ना, साहेब."

दोघं एका वयाचे आहेत.

मी डबा ठेवला. त्या दिवशीही काही बोलले नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही बोलले.

घरी येऊन गावी आत्याला फोन लावला. ती वाडीतच राहते. माझ्या तुटक मराठीत विचारलं, सरकार बदलणार नाही तर तू मत द्यायला कशाला जातेस?

"अगो, मोठ्या निवडणुकीत नेते हेलिकॉप्टरातून हात करतात. आता एकच जागा, तर चालत यावं लागतंय त्यांना. ओढ्यावरचा साकव मोडून दोन पावसाळे गेले. मोडक्या साकवावरून आमच्या दारात येतील ना, मग बघतील. तेव्हाच आमी घरात बसू?"

"पण सगळे एकत्र का जाता?"

"एकटी बाई गेली की वरच्या वाडीत कोणतरी अडवतो. कुठं चाललीस, लक्षात हाय ना, म्हणतो. धा जणी असलो की कोण विचारीत नाय. बटण ज्येचं त्येचं गो. माझं आमच्या ह्यांनासुद्धा म्हायती नाय."

एकगठ्ठा. तो गठ्ठा भीतीने बांधलेला होता, आणि आतलं प्रत्येक मत सुटं होतं. काकांना हे कधी कळणार नाही. बाबांना माहीत होतं. तरी ते हसले.

लगेच मी पासपोर्टचा फॉर्म उघडला. बाबा कामावरून येऊन मागे उभे राहिले. मी वाडीचं नाव टाइप केलं.

"कशाला उगाच?"

"बाबा, परदेशातल्या माणसाचं नाव पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारयादीत लागतं. मत द्यायला तिथे स्वतः जावं लागतं."

"म्हणजे माझं..."

"विरारला."

बाबा चप्पल घालून खाली गेले.

पासपोर्ट आला. यादीत नाव लागलं. माझी रजा मंजूर आहे, तिकीट काढलंय. आत्या आणि वाडीतल्या बायकांबरोबर मी वरच्या वाडीतून शाळेतल्या मतदान केंद्रापर्यंत चालत जाणार आहे. आत्या सांगते, केंद्रावर नाव मोठ्याने वाचतात, सगळ्या पक्षांची माणसं ऐकत बसलेली असतात.

वाचू देत.

मी मत देईन तो माणूस हरेल कदाचित. साकव होईल की नाही, ठाऊक नाही. ते सात मोदक परत ताटात येणार नाहीत. बाबांना सोबत चला म्हटलं, ते म्हणाले, सीझन आहे, काम आहे. कालच कोणीतरी त्यांना गाव विचारलं. रत्नागिरी, म्हणाले.

मला आता कोणी विचारलं तर मी वाडीपासून सुरुवात करते. केंद्रावरचा अधिकारी फोटोचं पान मागेल. मी आधी शेवटचं पान उघडेन.