हजार वॅट आणि तिचा वरचा सूर

वॅट हा शब्द ऐकला तरी आता मला शिसारी येते. तीस वर्षं पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नाटकांना साऊंड देऊन मी पोट भरलं, तेव्हा हे म्हणणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं झालं. पण शिसारी येते ती येतेच. आमच्याकडे मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत एकेका गावात दोन-दोन नाटकं लागतात. कोणाचं नाटक चांगलं झालं हे मागाहून कोणी विचारत नाही. कोणाच्या स्पीकरच्या डब्यांनी शेजारच्या मांडवातले संवाद बुडवले, तेवढं विचारतात. ते बुडवायचं काम मी इमानेइतबारे केलं.

माझी बायको त्याच स्टेजवर गायची. दोन वर्षांपूर्वी नागपूरला तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आता ती कुजबुजते, तेवढंच. स्वतःचं गाणं तिने जन्मभर माझ्या भोंग्यांतूनच ऐकलं होतं, आणि ते तिला पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटायचं. एका दुपारच्या तालमीची कॅसेट घरात होती, माझे भोंगे लागण्याआधी भरलेली. ती हातात घेऊन एकदा म्हणाली, "एकडाव मले माझा आवाज माणसावानी आयकवा." तिने माझ्याकडे दुसरं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

योग असा की माजरीच्या कोळसा खाणीतले एक साहेब, ज्यांच्या क्लबात मी माईक लावायला जायचो, रिटायर होऊन गावी निघाले आणि आपले स्पीकर मला देऊन गेले. दाराच्या फळीएवढे उंच दोन इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल. आत ना कागदी कोन ना चुंबक. केसाहून पातळ पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना जाळी आणि त्या पडद्यावर हजारो व्होल्ट. साहेबांच्या घरी मी ते ऐकले होते. बाई खोलीत उभी राहून गाते आहे असं वाटायचं. साहेबांनी निघताना बजावलं होतं की याला वॅट नको, करंट पाहिजे. बारीक, वरचा सूर आला की याचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, चार ओहमवरून एकाच्याही खाली जातो, आणि ॲम्प्लिफायरला वाटतं की पुढे तारच शॉर्ट झाली.

मी मान डोलावली आणि त्याच आठवड्यात बाजारातून हजार वॅटचा ॲम्प्लिफायर आणला. अंगभर निळे दिवे, आणि उचलला तर रिकाम्या टोपल्याएवढा हलका. दुकानदार गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा दाबून सांगत होता की भाऊ, हे मशीन डोंगर हलवते. बोलताना त्याच्या तोंडातले लाल थेंब खोक्यावर उडत होते. ते मी माझ्याच रुमालाने पुसले आणि खोकं घरी आणलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे काय मला माहीत नव्हतं?

टेप लावली. खालचे सूर बरे गेले. तान वर चढली आणि खट्, मशीन वाचवायला तार तोडणारा आतला रिले पडला, आवाज बंद. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच खट्. जिथे तिचा आवाज उमलायचा, नेमका तिथे. ती बाजेवर बसून होती. पाचव्या वेळी तिने पदर तोंडावर घेतला.

आमच्या पट्टीतला साऊंडवाला नवा ॲम्प्लिफायर आणला की आधी नारळ फोडतो आणि मग त्याचं प्रोटेक्शन काढून टाकतो. नाटक चालू असताना आवाज गेला तर गावकरी स्टेजवर चढतात, म्हणून मशीन जळालं तरी चालेल, बंद पडता कामा नये, हा आमचा धर्म. मी पाना घेतला, झाकण उघडलं आणि तारेचा एक तुकडा टाकून रिले कायमचा जोडून टाकला. हाताला विचारावं लागलं नाही. टेप लावली. तान वर गेली, पुढे गेली, आणि वार्निश जळाल्याचा घाण वास घरभर पसरला. ॲम्प्लिफायरचा एक चॅनल फुटला होता आणि जाताना त्याने उजव्या पॅनेलचा ट्रान्सफॉर्मर जाळून नेला होता. नाटकात जळतो तो डबा दुसऱ्या दिवशी मिळतो. हा कुठून आणणार होतो? मला स्वतःच्या हाताची किळस आली. जेवताना तो पानात घालवेना.

 तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पडवीकडे बोट दाखवलं. तिथे तांदळाच्या पिंपाखाली माझा सुरुवातीचा, चाळीस वॅटचा ॲम्प्लिफायर होता. भरपूर करंट देईल असा ट्रान्सफॉर्मर मी हाताने गुंडाळलेला, उचलायला दोन माणसं लागणारा. कमी वॅटचा म्हणून लोक हसले, तेव्हापासून तो पिंपाचं ओझं वाहत होता. काखेत कळसा. झुरळांची अंडी, उंदराचं मूत, सगळं पुसून काढलं, सुकलेले कंडेन्सर बदलले, आणि वाचलेल्या पॅनेलच्या वाटेवर एक ओहमचा जाड रेझिस्टर घातला, म्हणजे सूर कितीही वर गेला तरी बोजा एका ओहमच्या खाली उतरणार नाही.

दुपारी टेप लावली. तान वर चढली, तिथे टेकली, हळू उतरली. कुठे खट् झालं नाही. तिच्या श्वासाचा आवाजसुद्धा येत होता. ती हललीही नाही. टेप संपल्यावरही ती त्या जाळीकडे पाहत होती. मला वाटलं, आता रडेल. ती माझ्याकडे वळली आणि त्या उरलेल्या कुजबुजीत तिने विचारलं, "मले त हळूच गाता येत होतं. मंग तुमी काऊन वाढवत राह्यले?"

स्टेजवर माझ्या डब्यांतून गरजणाऱ्या वाद्यांच्या वर आपला आवाज काढायला ती घशाचं ऑपरेशन होईपर्यंत वर्षानुवर्षं ओरडत राहिली होती. मी उठून ॲम्प्लिफायर बंद केला.