खिडकीवरचं औषध

"ए, आत नको. खिडकीवर."

कंपाउंडर माझ्याकडे न बघता बोलला. भोरमधला खाजगी दवाखाना. पुढं दरवाजा, आत बाकं. बाजूच्या बोळात गजांची एक खिडकी. दरवाजा गावाचा, खिडकी आम्हा बौद्धवस्तीतल्या लोकांची. १९७० उलटून गेलं होतं. मी तेवीस वर्षांची होते, हिर्डोशीच्या शाळेत शिक्षिका होते, आणि जेवले की पोटात सुरी फिरवल्यासारखी कळ यायची.

खिडकीतून डॉक्टरांचं तोंड दिसायचं. हात कधी गजाबाहेर आला नाही.

"जीभ दाखव."

दाखवली.

"पित्त."

कंपाउंडर वरून पुड्या सोडायचा. खाली ओंजळ धरायची. चुकली तर बोळातून वेचायची.

एक गोष्ट लपवणार नाही. मला ती खिडकी सोयीची वाटायची. तिथं रांग नसते, औषध लगेच मिळतं, दुपारची एसटी सापडते. कामाची आखणी करून चालणारी बाई मी. अपमानसुद्धा मी वेळापत्रकात बसवला होता.

अकरा महिने पुड्या खाल्ल्या. कळ थांबली नाही. मग वही ठेवायला लागले. काय खाल्लं, किती वाजता, कळ कधी आली, कधी गेली. नाचणीची भाकरी असो, नुसता भात असो, फरक नाही. खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत कळ. गुडघे छातीशी घेऊन पुढं वाकलं की थोडं बरं. मी खायलाच भिऊ लागले. ब्लाउज दोनदा आत घेतले. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं आहे. आई म्हणाली, "पोरी, दोन घास तरी खा गं. अशानं जाशील."

जाशील. तो शब्द खरा होता. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की खुर्चीत बसावं लागायचं.

वही खिडकीतून आत दिली. डॉक्टरांनी पान उलटलं आणि ते हसले.

"मास्तरीण झालीस म्हणून डॉक्टरही झालीस? लग्न कर. पोटदुखी आपोआप जाईल."

आतली बाकंही हसली. वही गजातून परत आली, पुडीसारखीच, वरून. मी म्हटलं, "पोटाला गळ्यातली नळी लावून ऐकून बघा."

"तुला?" एवढंच म्हणाले. कंपाउंडरने खिडकी ओढून घेतली.

मग रजा काढून पुणं गाठलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात एका डॉक्टरीणबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. मला खाटेवर झोपवलं. बरगड्यांच्या खाली, मध्यावर, नळी टेकवली.

"श्वास सोडा. सगळा. आता धरून ठेवा."

बराच वेळ ऐकत राहिल्या. "इथं फूस-फूस असा आवाज येतोय. श्वास सोडला की वाढतो. आधी कुणी सांगितलं नाही?"

"आधी कुणी नळी लावली नाही."

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा पडदा असतो. त्याच्या कडेला एक चिवट पट्टा. माझा तो पट्टा जरा खाली होता, आणि जठराकडं रक्त नेणारी धमनी त्याच्याखाली दाबली जात होती. जेवल्यावर पोटाला रक्त जास्त लागतं. तेच पोचत नव्हतं, म्हणून कळ. पाण्याचा पाट चेपला की भाताचं खाचर सुकतं, हे मला वेगळं शिकायला नको होतं.

आजार दुर्मिळ. त्यांनीही तोवर फक्त वाचलेला. धमनीत रंग सोडून फोटो काढला, खात्री झाली, शस्त्रक्रियेत पट्टा कापला आणि कळ थांबली. भोरच्या डॉक्टरांना तो ओळखता आला असता, असं मी म्हणत नाही. पण आवाज ऐकू आला असता. तो अकरा महिने तिथंच होता, गजांपासून हातभर अंतरावर.

दोन महिन्यांनी आईला खोकला धरला. मी तिला घेऊन त्याच दवाखान्यात गेले. आई सवयीनं बोळाकडं वळली. तिचा दंड धरला आणि दरवाजातून आत नेलं. बाकावर बसवलं. शेजारचा गृहस्थ उठून उभा राहिला.

"खिडकीवर या," कंपाउंडर म्हणाला.

"न्हाई," मी म्हटलं.

आई कुजबुजली, "चल गं, लोकं बघत्यात."

"बघू देत. डॉक्टर, आईची छाती तपासा. नळी लावून. तोवर आम्ही उठणार नाही."

आत कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी नळी आईच्या पाठीला टेकवली, क्षणभर. मग आमच्यासमोरच साबण लावून हात धुतले.

"पुन्हा टेकवा," मी म्हटलं. "आता ऐका."

तेव्हा त्यांनी ऐकलं.

बाहेर आल्यावर आई रडत होती. मी तिला गप्प केलं नाही. डोक्यात नावं जुळवत होते: वस्तीत आजारी कोण कोण आहे, कुणाला कोणत्या वारी आणायचं. प्रत्येकाला दरवाजातून नेणार होते. डॉक्टरांना हात हवे तितक्या वेळा धुऊ देत. तपासल्याशिवाय आमच्यातलं कुणीही औषध घेणार नाही.