चिंच कोणी पाडली

निपाणीत आमच्या गल्लीत झाडं तोडायला येणारा माणूस करवत लावण्याआधी खोडावर हात ठेवतो आणि म्हणतो, "माफ कर गं आक्का." आंबा असो, नारळ असो, त्याच्या लेखी ती आक्काच. बोलताना मध्येच "व्हय का न्हाय?" विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत राहतो.

गल्लीच्या तोंडाशी सावली धरून असलेली मोठी चिंच त्यानं पाडली. तेव्हापासून उन्हाळ्यात तो दिसला, की चहाच्या गाड्यावरून आरोळी येते, "आला बघा ऊन घेऊन!"

"घ्या की, फुकट हाय," म्हणून तो हसतो.

ती चिंच मी पाडायला लावली होती. तिचा पाला माझ्या पत्र्यावर साचायचा. मी शाळेत शिक्षक; त्यानंतरही मुलांना सांगत राहिलो, की झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतात, त्यांच्यामुळे पृथ्वी तापण्याचा वेग कमी होतो. एकदा तो तिथं वाळलेल्या फांद्या उतरवायला आला होता. भाषण त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, पण माझं नाव कुणापुढे काढलं नाही.

परवा पुन्हा ती आरोळी आली आणि मी गाड्याजवळच्या बाकावरून उठलो. "त्याला बोलू नका. चिंच मी पाडायला लावली."

चहावाला ग्लास विसळत राहिला. शेवटी झाडं तोडणाराच माझ्याजवळ आला.

"बसा गुरुजी. सगळ्यास्नी ठाव हाय. तुमास्नी कोण बोलणार? म्हणून मला बोलत्यात."