बुजवलेला ब्रीदर

हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडतंय, म्हणून मधेमधे अडखळेन. बायकोला ठाऊक नाही. अक्काला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सगळ्यांत आधी तिलाच ठाऊक असायला हवं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे मालक, आमचे दाजी, आणि मी — आम्हा दोघांचं तुळजापुरात गॅरेज होतं. गॅरेज अजून आहे. दाजी त्यात नाहीत. ते का नाहीत याचं जे कारण पैपाहुण्यांत सांगितलं जातं, ते खोटं आहे. आणि ते माझ्यामुळं पसरलंय.

थेट सांगून टाकू का? जमत नाही. आधी गाडीचं सांगतो.

पवन नावाचा आमचा एक गिऱ्हाईक होता, गिऱ्हाईक कसला, मित्रच. भारी हौशी. त्याला आपल्या जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो बसवून हवा होता. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही त्या मानानं वाढवावं लागतं, नाहीतर इंजिन आतून भाजतं. ते काम दाजींनी घेतलं. मोठा पंप, मोठे इंजेक्टर, पेट्रोलची नवी नळी. माझ्याकडं टर्बो आणि ब्रीदर.

ब्रीदर म्हणजे काय, तर एक नळी. सिलिंडरमधला थोडा दाब पिस्टनच्या कडेनं खाली तेलाकडं उतरतोच, त्याला बाहेर पडायची ती वाट. टर्बो लावला की हा दाब लई वाढतो. म्हणून नळी जाड लागते, तिचं तोंड मोकळं लागतं, आणि टोकाला तेलाची वाफ धरणारा डबा लागतो. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. अडाणीपणानं झालं असतं तर आज हे सांगत बसलो नसतो.

डबा सोलापूरहून यायचा होता. तोवर नळी मी तशीच उघडी ठेवली होती. पवन एक फेरी मारून आला आणि कुरकुरला — गाडीत जळक्या तेलाचा वास येतोय, दुपारी सासरची मंडळी यायची आहेत, त्यांना ह्यात बसवू का? दाजी घरी जेवायला गेले होते. मी — काय सांगू — एक रबरी बूच घेतलं, नळीच्या तोंडात दाबलं, वरून पट्टी आवळली. वास बंद. पवन खूश. "सावकाश चालव, डबा आला की काढू," एवढंच म्हणालो. सावकाश चालवायला कुणी टर्बो बसवतं का?

दुपारी तुळजापूरच्या घाटात गाडी पेटली. नशीब, पाहुणे अजून बसले नव्हते. त्यांना आणायलाच तो एकटा निघाला होता. कोंडलेल्या दाबानं इंजिनाच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट फोडलं आणि तेल उडालं ते लालबुंद तापलेल्या टर्बोवर. धूर दिसला म्हणून पवननं गाडी थांबवून बोनेट उचललं. भडका हातावर आला. जीव वाचला. पण उजव्या हाताची बोटं आजही पुरती मिटत नाहीत. भेटला की हात मिळवायला डावाच पुढं करतो.

फोन आला तसे आम्ही दोघं धावलो. दाजी पवनला दवाखान्यात घेऊन गेले. मी गाडीपाशी थांबलो. आग विझली होती. जमलेले लोक म्हणत होते, पेट्रोल गळलं असणार — आग म्हटली की आधी पेट्रोलच आठवतं ना? पेट्रोलची नळी मधेच जळून तुटली होती खरी. पण जोडावरची क्लिप? मी हातानं ओढून बघितली. घट्ट होती. दाजींचं काम पक्कं होतं. मग ब्रीदरकडं बघितलं. बूच तिथंच. करपलेलं, पण तिथंच.

लोक पांगल्यावर मी पक्कडीनं ते ओढून काढलं आणि दरीत फेकलं.

एवढंच असतं तर घाबरलो होतो म्हणता आलं असतं. पण मग मी — इथं जीभ जड होते — गॅरेजच्या गाडीतून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि दाजींची ती घट्ट क्लिप ढिली केली. रोजचंच काम केल्यासारखा स्क्रू फिरला.

दाजी परत आले, वाकले, क्लिपला बोट लावलं. ती फिरली. ते रस्त्याच्या कडेला खाली बसले आणि कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले. मी शेजारी उभा. त्यांना पाणीसुद्धा दिलं मी.

पवनचे वडील गॅरेजवर आले तेव्हा दाजींनी हात जोडले. "चूक माझी हाय. पोराकडं काय बोट दाखवू नका," म्हणाले. पोरगा म्हणजे मी. त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही. अणदूरला, आपल्या गावी, निघून गेले. आता दुधाची गाडी चालवतात.

जायच्या आधी अक्कानं मला बाजूला घेतलं. "तू संगं होतास. खरं सांग, ह्यांच्याच हातून चुकलं का रं?"

तिला माझ्या तोंडून 'नाही' ऐकायचं होतं. ते मला दिसत होतं.

"व्हय, अक्का," म्हणालो.

मग ती पवनचा हात पट्टीत होता तोवर त्याच्या घरी जेवणाचा डबा पोचवत राहिली. नवऱ्याच्या चुकीची भरपाई म्हणून. तिच्या नवऱ्याची चूक नव्हतीच.

परवा खंडोबाच्या दर्शनाला अणदूरला गेलो होतो. अक्कानं जेवायला वाढलं. दाजी शेजारी बसले होते. कधी नव्हे तो त्यांनी विषय काढला.

"त्या दिवशी मला जेवायला जायची घाई झालती. क्लिप आवळायची ऱ्हायली. आता डोळ्यांपुढं येतंय बघ, स्क्रू अर्धाच फिरवून उठलो मी." मग थांबून म्हणाले, "तू मातर एका शब्दानं बोलला न्हाईस मला. लई मोठं मन तुझं."

जे घडलंच नव्हतं, ते त्यांना आता आठवत होतं.

अक्का भाकरी घेऊन दारात उभी होती. सांगायला याहून चांगली वेळ आली असती का?

"होतं असं, दाजी," मी म्हणालो. "सोडून द्या."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले. त्यांच्याच घरात, त्यांच्याच पंगतीला बसून, मी त्यांना माफ केलं.