रुमालमामा आणि वाफंचं गाव

एखाद्या वस्तूला कुणी फार नावं ठेवायला लागलं की रुमालमामांचे डोळे बारीक व्हायचे. हा माणूस गिऱ्हाईक आहे, हे त्यांनी ओळखलेलं असायचं. त्यांची उभी हयात घोडेगावच्या बैलबाजारात दलालीत गेली. "ज्याला बैल घ्यायचाय त्योच शिंगं वाकडी म्हनतो. ज्याला घ्यायचा न्हाई, त्यो छान हाय म्हनून चहाला जातो," असं त्यांचं शास्त्र होतं. हे शास्त्र त्यांनी बैलांना लावलं, गावातल्या होणाऱ्या जावयांना लावलं, निवडणुकीतल्या उमेदवारांना लावलं आणि म्हातारपणी एका कॉम्प्युटरच्या खेळालाही लावलं. या शेवटच्या प्रकाराची मी साक्षीदार आहे, कारण तो खेळ भिंगारहून त्यांच्या घरी नेणारी मीच.

ते माझे सख्खे मामा. रुमालमामा हे नाव बाजाराने दिलेलं. खांद्यावर कायम मोठा पांढरा रुमाल असायचा, आणि सौदा ठरवायचा तो त्या रुमालाखाली. देणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. तोंडाने आकडा काढायचा नाही. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. सौदा झाला की मामा रुमाल झटकून खांद्यावर टाकायचे, आणि मग आभाळ कोसळलं तरी तो मोडायचा नाही. घरातली वांग्याची भाजी की मेथीची हेसुद्धा मामा आणि मामी रुमालाखाली ठरवतात, अशी आम्हा भाचरांची थट्टा असायची.

मामी गेल्या आणि पाठोपाठ मामांना लकवा झाला. गेला तो नेमका उजवा हात, सौद्याचा. बोलणं थोडं जड झालं आणि बोटं मिटेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या, नाहीतर हात कायमचा लाकूड होईल. मी माझा जुना कॉम्प्युटर घोडेगावला नेला, त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस दिला आणि चार-पाच खेळ टाकून दिले. फळं फोडायचा खेळ त्यांनी घटकाभर खेळला. एक फळ फुटलं की पडद्यावर चांदण्या उधळायच्या आणि टाळ्या वाजायच्या. "ह्यो काय मला दूध पाजतोय का?" म्हणून त्यांनी तो बंद करायला लावला. पत्त्यांचा आवडला नाही, मोटारींचा आवडला नाही. मग एका खेळात पितळी नळ्या, मोठाली दातेरी चाकं आणि धूर सोडणारं बॉयलरचं धुराडं दिसलं. "हां. हे शुगर फॅक्टरीवानी दिसतंय. हे ऱ्हाऊ दे," म्हणाले.

खेळ भलताच अवघड होता. एक जुनं शहर, त्यात सगळं वाफेवर चालतं. पूल, दारं, आभाळातली जहाजं, इतकंच काय कोंबडेही पितळेचे. शहर बंद पडलंय आणि आपण एकेक यंत्र पुन्हा चालू करत पुढे जायचं. त्यात अक्षर म्हणून नाही, सगळ्या खुणा आणि चित्रं, म्हणून मामांचं इंग्रजीवाचून अडलं नाही. नाव इंग्रजीच होतं, पण मामा त्याला वाफंचं गाव म्हणायचे. मला तो खेळ कधीच आवडला नाही. पहिल्याच दरवाज्याशी मी इतकी वैतागले की माऊस आपटला होता. मामांनी तोच दरवाजा उघडायला अख्खा आठवडा घेतला आणि उघडल्यावर गल्लीत पेढे वाटले. घेणाऱ्यांना वाटलं, पुण्याच्या लेकाला मुलगा झाला.

बाजारच्या दिवशी मी गेले की त्यांना खेळणाऱ्या लोकांची मतं वाचून दाखवायची, असा नेम पडला. खेळ जिथून विकत घेतला तिथेच जगभरचे लोक लिहायचे. मी मराठीत सांगत जायची आणि मामा रुमाल मांडीवर घेऊन ऐकायचे. कुणी चार ओळींत वाहवा केली की म्हणायचे, "ह्यानं बैलाचं दात बघितलंच न्हाईत, सोड पुढं." कुणी पानभर शिव्या घातल्या, हे कोडं अन्यायाचं आहे, बनवणाऱ्याला डोकं नाही, असं लिहिलं, की मामा खूश. "ह्यो पुन्ना येनार बघ. ह्याच्या मनात बैल भरलाय." गंमत म्हणजे तो खरंच पुढच्या वेळी आणखी पानभर शिव्या घालून गेलेला असायचा. एकाच जातीच्या लोकांवर मामांचा राग होता: जे दुसऱ्याने सोडवलेलं बघून पुढे गेले आणि वर खेळाला नावं ठेवत बसले. मलाही त्यांनी सक्त ताकीद दिली होती, उत्तरं कुठे मिळतात तिकडे फिरकायचं नाही. "बघशील तर बोलशील. तुज्या पोटात काय ऱ्हात न्हाई," म्हणाले. हे खोटं नव्हतं.

मामांचा एकुलता मुलगा, सुनीलदादा, पुण्याकडे नोकरीला. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. गुढीपाडव्याला आला तेव्हा गॅस चालूच राहिलेला दिसला, आणि मामांनी दूधवाल्याला आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारलेली त्याने ऐकली. झालं. आबांचं डोकं आता चालत नाही, घर भाड्याने देऊ, त्यांना पुण्याला नेतो, असं तो मला सांगू लागला. मामा तिथेच खुर्चीत बसलेले. गोठ्यात उभ्या जनावराबद्दल बोलावं तसं त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं. मला फार वाईट वाटलं आणि दादाचा रागही आला. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "माजं डोकं चालतं का न्हाई, ते ह्या खेळाला इचारू. दिवाळीला येशील तवा वाफंचं गाव सुरू झालेलं दिसंल. दिसलं तर मी हितं. न्हाई दिसलं तर तुज्या गाडीत बसतो. कुनाला न इचारता करायचं."

दादाने आधी मोबाईल काढून लोकांची मतं वाचली. बहुतेकांनी शेवटच्या बॉयलरपाशी हात टेकलेले पाहून तो लगेच हो म्हणाला. मामांनी लकव्याचा हात पुढे केला, वर रुमाल पांघरला, दादाने खाली नुसता हात मिळवला आणि बापलेकांचा सौदा झाला.

उन्हाळा गेला तो मामांच्या एका खोडीपायी. खेळात पुलावर एक लोखंडी व्यापारी बसलेला असतो. आपण गोळा केलेल्या चाकांच्या बदल्यात तो पुलाची कळ देऊ करतो. बास, हो म्हणायचं आणि पलीकडे जायचं, कोडं पुढेच आहे. पण पहिल्या बोलीला हो म्हणणं मामांच्या रक्तात नव्हतं. ते नकार द्यायचे. व्यापारी एक चाक जास्त मागायचा. मामा खूश व्हायचे, "भाव वाढतोय, म्हंजी गरज त्याला हाय." पुन्हा नकार. मग व्यापारी खिडकी बंद करायचा आणि सगळा मजला पहिल्यापासून करावा लागायचा. जगात हा खेळ कितीकांनी खेळला असेल, पण तिथे अडकलेला माणूस हा एकच. तिथे काही कोडं आहे अशी तक्रारसुद्धा कुणी केलेली नव्हती. हसू दाबत मी तोंडाला पदर लावून बसायची, कारण बोलायची बंदी.

एक दिवस गेले तर मामा पूल ओलांडून पलीकडे पोचलेले. चेहरा मात्र सुतकी. चहाही अर्धा ठेवला. "हो म्हनलो," ते म्हणाले. "पहिल्याच बोलीला. बाजारात कुनाला सांगू नको." मला तेव्हा कळलं की या माणसाचं डोकं चालतंय. जन्माची सवय मोडून जो नवं शिकतो, त्याचं डोकं गेलं म्हणायला छाती लागते.

गणपतीच्या सुमारास ते बॉयलरपाशी पोचले. शेवटचं कोडं तेच. भोवतीने झडपा, एक उघडली की दुसरीचा आवाज बदलतो, आणि तो आवाज ऐकून क्रम लावायचा. चुकला की सगळी वाफ निघून जाते. मामांचा एक कान बाजाराच्या गोंगाटाने कधीच गेलेला. दुसरा कान पडद्याकडे करून ते मान वाकडी करून बसायचे. माऊसवरची बोटं आता बऱ्यापैकी मिटत होती, तेवढाच आनंद. तिकडे मतांचा पाऊस पडत होता. बॉयलर काढून टाका, पैसे परत द्या, हा खेळ आहे की शिक्षा. आता मामांना राहवलं नाही. मला म्हणाले, आपलंही मत घाल. मी लिहून घेतलं, त्यांच्याच शब्दांत: "मी घोडेगावचा. मला लकवा झालाय. मला बी बॉयलर जमला न्हाई. काढू नका. तुमाला धरता येत न्हाई म्हनून बैलाची शिंगं कापू नका." खाली कुणा परदेशी माणसाने आदराने विचारलं, की या खेळात बैल नक्की कुठे आहे, त्याला तो सापडला नाही.

बनवणाऱ्यांनी मामांचं ऐकलं नाही, गर्दीचं ऐकलं. बॉयलर ठेवला, पण चार वेळा चुकलं की पडद्याच्या कोपऱ्यात सोन्याची किल्ली चमकू लागायची. ती दाबली की झडपा आपोआप लागतात आणि शहर सुरू होतं. पहिल्यांदा किल्ली दिसली तेव्हा मामांना ती कोड्यातलीच वाटली. मी खरं काय ते सांगितलं. गरम तव्यावरून उचलावा तसा त्यांनी माऊसवरून हात उचलला. "दया आली व्हय ह्यांना," एवढंच म्हणाले.

दिवाळीचा पाडवा उजाडला. दादा गाडी घेऊन आला, पिशवीत मामांसाठी नवा स्वेटर, पुण्याला थंडी वाजेल म्हणून. बॉयलर उघडलेला नव्हता. मामांनी लपवलं नाही. दादाला शेजारी बसवून त्यांनी त्याच्यासमोर पुन्हा झडपा फिरवल्या आणि पुन्हा पुन्हा चुकले. कोपऱ्यात किल्ली आली. हे काय, म्हणून दादाने विचारलं, आणि मामांनी स्वतःच समजावून दिलं.

दादा त्या माऊसवरच्या हाताकडे बघत होता. गुढीपाडव्याला मेलेला होता तो हात. मग हळूच म्हणाला, "मग दाबा की आबा. उघडलं तर उघडलं. मी काही म्हणणार नाही."

खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. दाबा ना मामा. कोण बघतंय, कुणाचं काय जातंय, राहाल आपल्या घरात.

मामा म्हणाले, "हे दाबून हितं ऱ्हायलो तर त्यो मी न्हाई. डोकं गेलं म्हनलास, ऐकून घेतलं. पन डोकं गेलेला मानूस ही किल्ली कवाच दाबून मोकळा झाला असता." मग काठी घेऊन उठले. "चल, गाडी काढ. सौदा म्हंजी सौदा. मी हारलोय."

आणि ते खरोखर चपला शोधू लागले. हरलेला माणूस इतक्या ताठ मानेने चपला शोधताना मी पुन्हा पाहिला नाही. दादा उठला, मामांच्या खांद्यावरचा रुमाल त्याने काढून घेतला, त्यांच्या उजव्या हातावर पांघरला आणि आपला हात खाली घातला. बाजारात कधीही न उतरलेला माणूस, त्याला ती बोटांची भाषा येते हेही मला ठाऊक नव्हतं. रुमालाखाली काय बोलणं झालं ते मला दिसलं नाही. मामांचा चेहरा सौद्याच्या वेळी असायचा तसा कोरा होता. दादाच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. शेवटी मामांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. फराळाचे डबे घेऊन दादा एकटाच गाडीने पुण्याला गेला, स्वेटर मामांच्या अंगात राहिला. काय ठरलं म्हणून मी दादाला पुढे कितीदा विचारलं. रुमालाखालचं रुमालाखाली, म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले, घोडेगावात, स्वतःच्या घरात. बॉयलर त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही आणि बॉयलरनेही त्यांना सोडलं नाही. दहाव्याला एक नातेवाईक हळहळला, निदान खेळाचा शेवट तरी बघायला मिळायला हवा होता म्हणाला. मी फटकन म्हटलं, बघायचा असता तर बोट दाबायचाच अवकाश होता. मला मामांची फार आठवण येते, आणि कुणी त्यांची कीव केली की अजून राग येतो.

कॉम्प्युटर परत भिंगारला आणला आहे. मामा जिथे थांबले तिथेच खेळ उघडतो. मला तो आजही आवडत नाही, संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की तरीही बसते, झडपांना कान लावते, चुकते, शिव्या घालते. किल्ली येते. दादाने दिलेला मामांचा रुमाल शेजारीच असतो. तो मी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर टाकते आणि पुन्हा पहिल्या झडपेपासून सुरू करते.